आपल्या भागात बाग-मैदान पाहिजे? महापालिकेच्या बाँडचा पैसा कसा येतो आणि नवख्याने सुरुवात कुठून करायची (सोलापूर)

आमच्या कॉलनीच्या मागं एक मोकळी जागा आहे, नकाशावर ती खेळाचं मैदान आहे. प्रत्यक्षात अर्ध्या जागेत वेडी बाभूळ, एका कोपऱ्यात कोणाच्या तरी घराचा राडारोडा, आणि मधोमध पोरांनी पायानं तुडवून केलेली एक पिच, तेवढाच भाग साफ. संध्याकाळी ऊन कललं की शेजारच्या अक्का तिथं येऊन कडेच्या दगडावर बसतात, दिवसभर विड्या वळून पाठ आखडलेली असते आणि जरा बसावं म्हटलं तर हद्दवाढ भागात दुसरी जागाच नाही. त्यांनी एकदा सहज विचारलं, "बाळा, हुतात्मा बागेसारखं काहीतरी हिकडं कधी होणार रे?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी त्याच्या मागंच लागलो, झोन ऑफिसपासून नगररचनापर्यंत सगळीकडं फिरलो, बजेटची पुस्तकं वाचली, आणि फिरता फिरता बाँड हा शब्द सारखा कानावर यायला लागला. "बाँड काढले की सगळ्या बागा होतील" असं लोक बोलतात, पण ते होतं कसं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जेवढं कळलंय तेवढं ओळीनं लिहितोय. ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याच्यासाठी आहे हे.

आधी बाँड म्हणजे काय ते डोक्यात बसवा

बाँड म्हणजे कर्ज. सरळ कर्ज. फरक एवढाच की ते एका बँकेकडून न घेता महापालिका बाजारातून उचलते, विमा कंपन्या, बँका, म्युच्युअल फंड, कधी साधी माणसंसुद्धा पैसे देतात, महापालिका त्यांना ठरलेलं व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल परत करते. अनुदान आलं की ते परत द्यायचं नसतं, बाँडचं तसं नाही, हे पहिल्याच दिवशी समजून घेतलं तर पुढचे बरेच वाद वाचतात.

आपल्या देशात हे नवीन नाही. बंगळूरने १९९७ मध्ये काढले, १९९८ मध्ये अहमदाबादने राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटी उभे केले, आपल्याकडं नाशिक आणि नागपूरनेही त्यानंतर लगेचच काढले होते. मग बरीच वर्षं सगळं थंड. २०१५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, महापालिकांच्या बाँडसाठी वेगळे नियम केले आणि २०१७ मध्ये पुण्याने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटी उचलले, ७.५९ टक्के व्याजानं. २०२३ मध्ये इंदूरने २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामापुरते बाँड, काढले, खरगोन जिल्ह्यातल्या जलूदला सोलर प्लांट करायला, आणि त्यात सामान्य माणसांनाही पैसे गुंतवता आले. पिंपरी-चिंचवडने २०२३ ला २०० कोटी आणि परत २०२५ ला २०० कोटींचे ग्रीन बाँड, आणि हा दुसरा आपल्या विषयाच्या जवळचा, कारण त्यातून हरित सेतू म्हणून पायी आणि सायकलवाल्यांसाठी झाडांखालून सलग वाटा करायचं ठरलंय.

बघा, यात बहुतेक बाँड पाणी, ड्रेनेज, सोलर असल्या कामांचे आहेत. पाण्याचं बिल येतं, सोलरमुळं वीजबिल वाचतं, म्हणजे कर्ज फेडायला कुठून तरी पैसा सुटतो. बागेत तसं काही येत नाही. पाच-दहा रुपयांच्या तिकिटातून माळ्यांचा पगारसुद्धा निघत नाही. म्हणून बागेसाठी बाँड मागायला गेलात की समोरचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारणार, फेडायचं कशातून? त्याचं उत्तर तयार ठेवून जायचं, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्या उत्तराकडंच जातात.

पहिली पायरी: जागा कागदावर शोधा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. पैसा नंतर, जागा आधी.

आपल्या भागात मोकळी जागा दिसली की ती तीनपैकी एका प्रकारची असते. एक, डीपीमध्ये म्हणजे विकास आराखड्यात बाग किंवा मैदान म्हणून आरक्षण पडलेली. दोन, ले-आऊटमधली ओपन स्पेस, म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडताना जी १० टक्के मोकळी सोडावी लागते ती. तीन, नुसतीच कोणाची तरी खाजगी रिकामी जागा, जी आज ना उद्या बांधली जाणार. तिन्ही दिसायला सारख्याच, बाभळी सारख्याच, पण प्रत्येकीचा रस्ता वेगळा.

नगररचना विभागात जाऊन भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे ती जागा आराखड्यात कशासाठी आहे त्याचा कागद, मागा, त्याला सर्व्हे नंबर लागतो. तो शेजाऱ्याच्या खरेदीखतात किंवा सातबाऱ्यावर सापडतो, महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या वेबसाइटवरही दिसतो. मी पहिल्यांदा शेजारचाच सर्व्हे नंबर टाकला आणि दोन महिने भलत्याच जागेच्या मागं फिरलो, म्हणून सांगतो, जागेवर उभं राहून चारी बाजूंची घरं, रस्ता, नाला एका कागदावर काढा आणि तो कागद नकाशाशेजारी ठेवून जुळवा, मगच अर्ज करा. ओपन स्पेस असेल तर ती महापालिकेच्या ताब्यात आलीय का ते भूमी व मालमत्ता विभागात विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी ले-आऊट मंजूर होऊन जमाना झाला तरी ताबा कागदावर नसतो, आणि ताबा नसलेल्या जागेवर एक रुपयाही खर्च टाकता येत नाही.

तोंडी कोणी सांगत नसेल तर माहितीचा अधिकार. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो म्हणून फाफटपसारा नको. मी असं लिहिलं होतं: "अमुक सर्व्हे नंबरमधील विकास आराखड्यातील आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, क्षेत्रफळ, संपादनाची सद्यस्थिती आणि ताबा पावतीची प्रत मिळावी." बस एवढंच. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, कंटाळायचं नाही.

आणि घाई कशाची ते पण सांगतो. आरक्षित जागा खाजगी मालकाची असेल आणि आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली तरी महापालिकेने ती घेतली नसेल, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. गेलं मैदान. परत त्या भागात तेवढी जागा कधीच मिळत नाही, कारण तोवर आजूबाजूला घरं झालेली असतात. मालक टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क, घ्यायला तयार झाला तर ठीक, रोख मोबदला मागितला तर शहरात तो साधारण बाजारभावाच्या दुप्पट जातो आणि महापालिकेच्या नेहमीच्या बजेटमध्ये तेवढे पैसे एका वर्षात बसत नाहीत. माझ्या मते बाँडचा सगळ्यात चांगला उपयोग इथंच आहे. जमीन कायमची राहते, कर्ज दहा वर्षांत फिटतं.

दुसरी पायरी: कशाला बाँड, कशाला नको

नियम सोपा आहे, जी वस्तू कर्ज फिटायच्या आधीच मोडणार तिच्यासाठी कर्ज काढायचं नाही. जमीन, कंपाऊंड वॉल, पावसाच्या पाण्याचा निचरा, मैदानाचं सपाटीकरण, पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचा हॉल, टॉयलेट ब्लॉक, प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाईन, ही बाँडची कामं. लॉन, रंगरंगोटी, कारंजं, झोपाळे, सेल्फी पॉइंट, लाईटच्या माळा ही नाहीत. लोखंडी झोपाळ्याची साखळी पाच वर्षं टिकली तरी नशीब, आणि व्याज मात्र दहा वर्षं भरायचं.

आमच्या जवळच्या एका बागेचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. उद्घाटनाला हिरवंगार लॉन, पेव्हर ब्लॉक, चार खेळणी, फोटो मस्त आले. बोअर घेतलं होतं पण पाणी किती आहे ते कोणी मोजलंच नव्हतं. पहिल्याच एप्रिलमध्ये बोअर आटलं, पारा चाळीसच्या पुढं, मे संपेपर्यंत लॉनची जागा भाजलेल्या पोत्यासारखी झाली. पेव्हर ब्लॉक काळ्या मातीवर नीट मुरूम न दाबता बसवले होते, पहिला पाऊस पडला, माती फुगली, ब्लॉक वर-खाली झाले, आणि सकाळी चालायला येणारे एक काका त्यात पाय मुरगळून महिनाभर घरी बसले. त्या बागेत आता जे टिकून आहे ते म्हणजे आधीपासून असलेलं कडुनिंबाचं झाड आणि त्याखालचा दगडी कट्टा, लोक तिथंच बसतात.

म्हणून आपल्या गावात बागेचा आराखडा पाण्यापासून सुरू करायचा. जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं लॉनला पिण्याचं पाणी मागणं मला तरी पटत नाही. देगावला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तसलं पाणी बागांपर्यंत आणायची लाईन टाका म्हणा, ती वीस-तीस वर्षं चालते आणि बाँडच्या कामात चपखल बसते. झाडं कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, पहिली तीन वर्षं जगवली की पुढं आपली आपण उभी राहतात.

तिसरी पायरी: फेडीचा हिशेब स्वतः करून बघा

साधी आकडेमोड आहे, घाबरायचं काही नाही. समजा १०० कोटी, ८ टक्के व्याज, १० वर्षं. दरवर्षी व्याज ८ कोटी. मुद्दल शेवटी एकदम द्यायचं असेल तर त्यासाठी दरवर्षी साधारण १० कोटी सिंकिंग फंडात, म्हणजे फक्त फेडीसाठी राखलेल्या खात्यात, बाजूला टाकायचे. म्हणजे वर्षाला १८ कोटी, दहा वर्षं, न चुकता. त्यावर माळी, वॉचमन, वीज, पाणी, दुरुस्ती हा रोजचा खर्च वेगळा, तो बाँडमधून करायचा नसतो.

केंद्र सरकारने अमृत योजनेत पहिल्यांदा बाँड काढणाऱ्या शहरांना दर १०० कोटींमागं १३ कोटी आणि जास्तीत जास्त २६ कोटी असं प्रोत्साहन ठेवलं, ते चांगलं आहे, पण ते एकदाच मिळतं, हप्ता दरवर्षी असतो. तो भरायचा मुख्यतः घरपट्टीतून. गुंतवणूकदारांची खात्री पटावी म्हणून मालमत्ता कराचा काही भाग आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे महापालिकेला थेट हात लावता येत नाही अशा वेगळ्या खात्यात, जमा होतो, त्यातून बाँडचा हप्ता बाजूला काढला जातो आणि उरलेलं महापालिकेला वापरायला मिळतं. याचा सरळ अर्थ असा की ज्या भागात घरपट्टीची थकबाकी आहे त्या भागाने बाग मागताना आपलं घर आधी नीट करावं. आम्ही आमच्या गल्लीत हे केलं, अर्जावर सही घेताना प्रत्येकाला विचारलं यंदाची पट्टी भरली का, काही जणांना राग आला, पण पुढच्या आठवड्यात सात घरांनी पावत्या आणून दाखवल्या आणि त्या पावत्यांच्या झेरॉक्स आम्ही अर्जाला जोडल्या. साहेबांनी सगळ्यात आधी त्याच पानावर बोट ठेवलं.

महापालिका बाँडला पात्र आहे का हे पण बघायचं असतं. डबल एंट्रीचे हिशेब पाहिजेत, गेल्या तीनपैकी एखाद्या वर्षी तरी उत्पन्न खर्चापेक्षा जास्त पाहिजे, गेल्या ३६५ दिवसांत कुठल्या कर्जाची फेड चुकलेली नको, आणि क्रिसिल, इक्रा, केअर असल्या कंपन्यांकडून रेटिंग, म्हणजे कर्ज फेडायची पत किती याचा शेरा, घ्यावं लागतं. रेटिंग खाली आलं की व्याज वर जातं. तामिळनाडूत १३ छोट्या शहरांनी मिळून एकत्र बाँड काढून साधारण ३० कोटी उभे केले होते, एकेकट्याला कोणी दारात उभं केलं नसतं, हाही एक मार्ग आहे.

चौथी पायरी: कोणाच्या टेबलावरून फाईल जाते

अमेरिकेत हा प्रकार वेगळा आहे. तिथं डॅलस शहरात २०२४ मध्ये १.२५ अब्ज डॉलरच्या बाँडवर लोकांनी थेट मतदान केलं, त्यात रस्ते, वाचनालयं, बागा असे वेगवेगळे ठराव होते आणि बागा-क्रीडा सुविधांच्या ठरावाला साधारण ३४.५ कोटी डॉलर. लोक मतपत्रिकेवर बागेला हो की नाही ते सांगतात. आपल्याकडं ते मत आपल्या वतीनं नगरसेवक देतो, म्हणून त्याच्यापर्यंत जाणं हाच आपला मतदानाचा दिवस समजा.

रस्ता असा: आयुक्तांकडून प्रस्ताव, मग स्थायी समिती, मग महासभा, मग महापालिका अधिनियमाच्या कलम १०९ खाली राज्य सरकारची मंजुरी, म्हणजे नगरविकास विभाग. त्यानंतर रेटिंग, मर्चंट बँकर म्हणजे बाँड बाजारात आणून देणारी संस्था, सेबीच्या नियमांप्रमाणे कागदपत्रं आणि शेअर बाजारात लिस्टिंग म्हणजे नोंदणी. आपल्या १०२ नगरसेवकांच्या सभागृहात बागेवर बोलणारे कमी असतात, रस्ता आणि ड्रेनेजवर सगळे बोलतात, त्यामुळं आपल्या प्रभागातल्या चारही जणांना एकदम भेटा, एकाला भेटून बाकीच्यांना वगळलं की बाकीचे विरोधात जातात, हा अनुभव आहे.

त्यांना सांगायला एक मुद्दा देतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्यानं, मैदानं हे नगरपालिकांच्या कामांत स्पष्ट लिहिलंय, पण आपल्या महापालिका कायद्यात ते ऐच्छिक कामात येतं, म्हणून बजेट कमी पडलं की पहिली कात्री तिथंच लागते. दुसरा मुद्दा आकड्याचा. शहर नियोजनाच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितलीय. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८. माणशी १० धरले तरी साडेनऊ चौरस किलोमीटर होतात. शहर १७८ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे मागणी काही अवाच्या सवा नाही. आपल्या प्रभागात खरोखर वापरता येणारी जागा किती ते मोजून हा आकडा शेजारी लिहा.

बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, पण खात्यांकडून आकडे त्याच्या बरेच आधी जातात, म्हणून अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच उद्यान विभाग आणि झोन ऑफिसला आवक शिक्का मारून द्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा. अर्ज एका पानाचा, मागं नकाशा, चार फोटो, सह्या. फोटोत माणसं दिसू द्या, नुसती बाभूळ नको. आमच्या अर्जात अक्का त्या दगडावर बसलेल्या फोटोत होत्या, त्यांना विचारूनच लावला.

पाचवी पायरी: टेंडर आधी, पैसा नंतर

हे पुण्याकडून शिकण्यासारखं आहे. २०१७ मध्ये बाँडचे पैसे आले आणि त्यानंतर पाणी योजनेची टेंडरं रद्द करून परत काढायची वेळ आली. पैसा बँकेत पडून, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. त्यामुळं आपण आग्रह धरायचा तो असा की बाँड बाजारात जाण्याआधी प्रत्येक जागेचा ताबा झालेला, मोजणी झालेली, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार, अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी, टेंडर काढायच्या टप्प्यावर. ज्या जागेवर कोर्टकेस आहे ती पहिल्या यादीत नको, भले ती आपली का असेना.

यादीत काय जातंय तेही बघा. बाँडचा पैसा ज्या कामांसाठी म्हणून उचललाय त्यावरच खर्च करावा लागतो, म्हणून कागदावर "उद्यान विकास" असं मोघम लिहिलेलं असेल तर बदलून मागा. जागेचं नाव, क्षेत्रफळ, कामाचं वर्णन, रक्कम, आणि देखभालीचा खर्च बजेटमधल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या सदरातून, होणार. आणि हद्दवाढ भागाला त्यात किती हे नक्की विचारा, नाहीतर होम मैदान, पार्क स्टेडियम, सिद्धेश्वर तलाव या मधल्या जागांवरच सगळं जातं, त्या आपल्या सगळ्यांच्याच आहेत आणि स्मार्ट सिटीत त्यांच्यावर काम झालंय, आता शेळगी, बाळे, मजरेवाडी, कुमठे इकडच्या पोरांची पाळी आहे. सात रस्त्यापर्यंत रिक्षा करून खेळायला कोण जाणार.

शेवटची पायरी: काम चालू असताना आणि नंतर

वर्क ऑर्डरची प्रत मिळवा, त्यात मुरूम किती इंच, दाबकाम किती, झाडं किती आणि किती उंचीची, सगळं असतं. पाच जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, रोज एकाने एक फोटो टाकायचा, तारीख दिसेल असा. मुरूम पसरायच्या दिवशी टेप घेऊन कोणीतरी तिथं हजर पाहिजेच, कारण ते एकदा झाकलं गेलं की परत दिसत नाही. बाँड लिस्ट झालेला असेल तर महापालिकेला हिशेब नियमित जाहीर करावे लागतात, ते शेअर बाजाराच्या वेबसाइटवर सापडतात, फुकट आहेत, वाचा.

आणि काम संपल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवा, तिथूनच दोषदायित्व कालावधी सुरू होतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत काही तुटलं, खचलं, झाड वाळलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चानं करून द्यायचं. ती मुदत किती ते वर्क ऑर्डरमध्येच दिलेलं असतं. मुदत संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो एक पावसाळा आणि एक मे महिना बघून झाल्यावर, सगळी बाग चालत फिरा, उचकटलेला प्रत्येक ब्लॉक, वाळलेलं प्रत्येक रोप, ठिबकचा बंद पडलेला प्रत्येक नळ फोटोसकट लिहा आणि आवक शिक्का मारून द्या. आमच्या जागेचा ताबा यंदा कागदावर आलाय, मोजणीची फी भरलीय, खुणा टाकायला माणसं येतील तेव्हा त्यांना दाखवायला मी चारी कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले दगड ठेवलेत, आणि अक्कांचा बसायचा दगड तेवढा जागचा हलवला नाही.